तोंडी चाचणीतलं शून्य

बटण दाबूनही स्पीकर बोलेना म्हणून शकुंतलाबाईंनी ते पुन्हा दाबलं, आणि वर्गातल्या सगळ्या मुलींनी एकदम माना वर केल्या. पेनं हातात तशीच थांबलेली. कुणीतरी हसलं असावं, कारण दुसऱ्या बाकावरच्या मुलींचे खांदे हलत होते. "बाई, बंद कशाला केलं? चालू होतं की!" उत्कर्षा ओरडली. उत्कर्षाचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा, त्यामुळे तो बाईंपर्यंतही पोचला. चालू होतं. म्हणजे ह्या सगळ्या इतका वेळ ऐकत होत्या, आणि आपण स्पीकरपासून हातभर अंतरावर उभं राहून तो सुरू व्हायची वाट बघत होतो. "तपासून बघितलं जरा," बाई म्हणाल्या, आणि म्हटल्याबरोबर जिभेला चटका बसल्यासारखं झालं, कारण हे खोटं होतं. रोज पहाटे दिव्यापुढं बसून ज्या चार गोष्टी त्या देवाजवळ कबूल करत, त्यातली पहिलीच ही होती, की दिवसभरात खोटं बोलणार नाही आणि खोटं लिहिणार नाही. त्यांनी बटण दाबलं. ह्या वेळी हात काढला नाही. स्पीकरच्या पाठीवर बोटं ठेवली. बोटांखाली काहीतरी थरथरत होतं, हातात धरलेल्या चिमणीच्या छातीसारखं. थोडं थरथरायचं, थांबायचं, पुन्हा थरथरायचं. ते थांबलं की सगळी पेनं एकाच वेळी खाली यायची. बाईंना ते शेतातल्या वाऱ्यासारखं दिसलं. वारा दिसत नाही, पण सगळी ज्वारी एकदम एकीकडं वाकते. तिथं काहीतरी घडत होतं, सगळ्यांना घडत होतं, आणि त्यांच्या वाट्याला त्यातली फक्त थरथर आली होती.

चाचणी पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं पाठवली होती. मुलींना इंग्रजी ऐकून कळतं का, वाचून कळतं का, एवढंच बघायचं. नववीतल्या मुलींतून निवडून ती संस्था आपल्या निवासी वर्गात नेणार, बारावीपर्यंत शिकवणार, राहणं-जेवण सगळं तिकडंच. चाचणीचे भाग तीन. उतारा वाचून लेखी उत्तरं द्यायची. रेकॉर्डिंग ऐकून लेखी उत्तरं द्यायची. आणि तोंडी, ज्यात बाईंनी एक उतारा वाचून दाखवायचा, मुलीनं तो ऐकून विचारलेल्याचं इंग्रजीत उत्तर द्यायचं. एका जरी भागात शून्य आलं तरी मुलगी बाद. लेखी वाचन होऊन गेलं होतं. तोंडीही मागच्या आठवड्यात झाली होती, वाचनालयाच्या खोलीत, एकेकीला बोलावून. आज ऐकण्याचा लेखी भाग, म्हणजे शेवटचा. उद्या दुपारी गुण पाठवायचे. बाई बाकांमधून फिरू लागल्या, कारण पाय एका जागी ठरेनात. फिरत फिरत त्या तिसऱ्या बाकाशी आल्या आणि रेश्माच्या कागदावर त्यांची नजर पडली. मग ती तिथून हलेना.

रेश्मा वळसंगची. इथं आत्याकडं राहून शिकणारी. आत्या विड्या वळते, आणि रेश्मा संध्याकाळी तिच्यासाठी पानं कापते. वर्गात असून नसल्यासारखी मुलगी. वाचनाच्या लेखी भागात तिचं एकही उत्तर चुकलेलं नव्हतं. आणि आता ह्या कागदावरही, रेकॉर्डिंग ऐकून लिहिलेली उत्तरं हातातल्या उत्तरसूचीशी ताडून बघितली तर एकेक बरोबर होतं. बाईंनी पुन्हा ताडलं. बरोबर. आणि ह्याच मुलीला मागच्या आठवड्यात त्यांनी तोंडीत शून्य दिलं होतं. वाचनालयाच्या त्या खोलीत त्यांनी छत्रीचा उतारा वाचला होता. एक बाई बाजारात छत्री विसरते आणि दुकानदार ती जपून ठेवतो, असा. मग प्रश्न विचारले होते. रेश्मा समोर उभी होती, मान खाली, ओढणीचं टोक हातात. बाई प्रत्येक प्रश्नाला थांबल्या होत्या. घाई केली नव्हती. मनातल्या मनात नाम घेत थांबल्या होत्या, की पोरीला सुचू दे. काही आलं नाही. त्यांनी शून्य लिहिलं आणि आपल्या नेहमीच्या रीतीप्रमाणं कागद फिरवून तिला दाखवलाही, कारण गुण लपवायचे नाहीत हा त्यांचा नियम. वर मायेनं म्हणाल्या होत्या, "वाचतेस छान, पण ऐकायला शीक गं बाळ. कान उघडे ठेव." रेश्मानं तेव्हा एकदाच वर बघितलं होतं. त्या बघण्याचा अर्थ बाईंनी त्या वेळी शरम असा लावला होता.

शाळेत तोंडीचे गुण असे कुणी कापत नसे. मानसिंग सर, जे दुसऱ्या तुकडीला इंग्रजी शिकवत, ते तर उघड म्हणायचे, "बाई, तोंडीचे गुण म्हणजे प्रसाद. प्रसाद कुणाला कमी, कुणाला जास्त देतात व्हय?" ते मुलींना बोलवायचेही नाहीत. खुर्चीवर बसून वरपासून खालपर्यंत नऊ, नऊ, दहा, नऊ लिहून मोकळे. शकुंतलाबाईंना ते कधी जमलं नाही. जे ऐकलं नाही ते ऐकलं म्हणून लिहायचं म्हणजे सहीनिशी खोटं. त्यांच्या वर्गाचे गुण म्हणून कायम खाली असायचे, पण त्यांचा नऊ हा खरा नऊ असतो असं मुली आपसात म्हणतात, हे त्यांच्या कानावर आलं होतं, आणि त्याचा त्यांना आतून, देवापुढं सांगता न येणारा, अभिमान होता. कानावर आलं होतं. कधी आलं होतं? पुष्कळ दिवसांत त्यांच्या कानावर काहीच आलं नव्हतं.

कागद गोळा झाल्यावर त्यांनी रेश्माला थांबवून घेतलं. बरोबर उत्कर्षाही थांबली, न सांगता, कारण दोघी एका बाकावरच्या. "रेश्मा, त्या दिवशी तोंडीला तू उत्तरं दिली होतीस?" रेश्माचे ओठ हलले. बाई त्या ओठांकडं बघत राहिल्या. किती थोडे हलत होते ते. उत्कर्षानं कमरेवर हात ठेवला. "बाई, ती म्हणतीय, दिली होती. सगळी दिली होती. भाईर आल्यावर मला सांगितलं की तिनं." "मग तेव्हाच का नाही म्हणालीस, की बाई मी सांगितलंय म्हणून?" पुन्हा ते ओठ. पुन्हा उत्कर्षा. "ती म्हणतीय, तुमी शून्य लिवलं, तवा मला वाटलं समदं चुकलंच आसंल." मग उत्कर्षा स्वतःचं म्हणाली, "हिचा आवाज म्हंजे बाई, हिला मेसेजच करावा लागतोय. पण तुमी जवळच होता की!" आणि हसली. रेश्मानं तिला कोपरानं ढोसलं. जवळच होता की. बाईंनी मान हलवली, पाठीवर हात फिरवला, जा म्हणाल्या. दोघी गेल्या. दाराशी उत्कर्षा काहीतरी बोलली आणि रेश्मा हसली असावी, पण पाठमोऱ्या माणसाचं काहीच कळत नाही. पाठमोरं माणूस म्हणजे मिटलेलं पुस्तक, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग एकदम ध्यानात आलं की गेले कित्येक दिवस आपण सगळ्यांना वाचतच आलोय. तोंडं वाचतोय. फळ्याकडं वळून लिहायचं आपण कधीच सोडलं. कारण सांगायचो मान दुखते.

शाळेतून घर लांब नव्हतं. भवानी पेठेच्या गल्लीत शिरताना त्यांना रोज बरं वाटायचं, कारण ही गल्ली आता शांत होती. लग्न होऊन इथं आल्या तेव्हा पहिली गोष्ट जी अंगावर आली ती माणसं नव्हती, माग होते. भिंतीला भिंत लावून शेजारच्या नरसम्माच्या सासऱ्यांचा टॉवेलचा कारखाना. खडक-खट, खडक-खट, दिवसा तेच, पहाटे तेच. देवापुढं बसलं की माळेचा मणी मागाच्या ठोक्यावर सरकायचा. नाम आपलं की मागातल्या उडत्या धोट्याचं, ते कळायचं नाही. सांगोल्याच्या माहेरी पहाट म्हणजे शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणि वडलांचा ट्रान्झिस्टर. वडील देवळातली पूजा आटपून शाळेत जायचे, आणि त्याआधी इंग्रजी बातम्या लावायचे. त्यांना त्यातलं फार कळत नसे. पण ते म्हणायचे, आधी कानात पडू दे शकू, अर्थ मागनं येईल. छोटी शकू ट्रान्झिस्टरखाली बसून तो अनोळखी पाऊस अंगावर घ्यायची. शब्द कळत नव्हते तरी त्यातला चढ-उतार, एक वाक्य संपून दुसरं सुरू होण्याआधीचा तो छोटा श्वास कळायचा. इंग्रजी त्यांच्याकडं अशी आवाजानं आली होती, अक्षरं नंतर. आणि सासरच्या त्या खडखडाटात त्यांनी वर्षानुवर्षं देवाजवळ एकच मागणं मागितलं होतं, की पहाटेचा एवढा वेळ तरी मला शांत दे.

मग एके दिवशी शांत झालं. एकाच दिवशी नाही. माग हळूहळू दूर गेल्यासारखे झाले, दुसऱ्या गल्लीत, मग वेशीबाहेर, मग नाहीतच. बाजार मंदा आहे, कारखाने बंद पडताहेत, असं सगळीकडं चाललंच होतं. नरसम्माचाही पडला, असं त्यांनी धरलं. माळ सरळ चालू लागली. मन काठोकाठ भरलेल्या तांब्यासारखं स्थिर राहू लागलं. पूजेतल्या घंटेचा आवाज बसल्यासारखा वाटला म्हणून नवी पितळी घंटा आणली. तीही मंदच निघाली, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. डोळ्यांत पाणी यायचं. एवढ्या वर्षांच्या नेमाचं फळ मिळालं, आत सगळं निवलं, असं त्यांनी मानलं होतं. आणि त्याबरोबरच एक टोचणीही होती, की आपल्या मागण्यानं शेजारणीची चूल तर विझली नाही? म्हणून त्यांनी गोड सोडलं. चहात साखर नाही, सणाला पुरणपोळी नाही. रोज माळ संपताना नरसम्माच्या मागांसाठी वेगळे मणी ओढायचे, की बाईचा कारखाना पुन्हा लागू दे. एकदा गच्चीवर कुरडया घालताना त्यांनी तिचा हात धरून म्हटलंही होतं, "नरसम्मा, बंद पडलं म्हणून मन खाऊ नका. देव बघतोय." नरसम्मा डोळे मोठे करून बघत राहिली होती आणि कुरडया तशाच टाकून खाली निघून गेली होती. तेव्हापासून ती बोलत नव्हती. दुःखात माणूस तुटतं, असं बाईंनी मनाशी म्हटलं होतं.

आज त्या घराच्या दाराशी वळल्या नाहीत. पुढं गेल्या, आणि कारखान्याच्या पत्र्याच्या दारासमोर उभ्या राहिल्या. दार अर्धं उघडं होतं. आत दिवे होते. मागांवर पांढरे-निळे टॉवेल इंचाइंचानं पुढं येत होते, धोटे इकडून तिकडं उडत होते, कामगार एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होते. सगळं चालू होतं. काचेमागं चालल्यासारखं चालू होतं. बाईंनी भिंतीवर तळवा टेकवला आणि ती भिंत, जिच्या पलीकडच्या बाजूला त्यांचं देवघर होतं, तळव्याखाली खडक-खट, खडक-खट करत होती. आत दोन पावलं टाकल्यावर कुठंतरी लांब, शिवारापलीकडं पिठाची गिरणी चालावी तसं काहीतरी आलं. तेवढंच. नरसम्मा सुताच्या कांड्यांची टोपली घेऊन समोर आली. तिनं बाईंना बघितलं, टोपली खाली ठेवली आणि त्यांना बाहेर घेऊन आली. बाहेर आल्यावरही ती मागाच्या सवयीनं मोठ्यानंच बोलली. "काय बाई? आज पण विचारायला आला काय, बंद पडलं म्हणून?"

"कधीपासून चालू आहे हे, नरसम्मा?"

"अय्यो, कधी बंद होतं? सासऱ्यांच्या टायमापास्नं एक दिवस बंद नाही. पोराचं लग्न होतं तेवढंच." मग ती जवळ आली. "तुमी गच्चीवर मला तसं बोललात, मला लई लागलं. मला वाटलं, बाईंना आवाजाचा तरास होतोय, म्हणून टोमणा मारल्या. देवाधर्माची बाई, सरळ नाही म्हणत, असं वाकडं म्हणती. मी घरात सांगितलं, ह्या बाईशी बोलायचं नाही." आणि बोलता बोलता तिचा चेहरा बदलत गेला. ती बाईंच्या डोळ्यांकडं बघत होती, आणि ते डोळे तिच्या तोंडावर खिळलेले होते. नरसम्मानं तोंडासमोर हात धरला, आणि त्या हातामागून काहीतरी म्हणाली असावी. हात काढला. "ऐकलं?" बाईंनी नाही म्हणून मान हलवली. नरसम्मानं कपाळाला हात लावला. मग, काय करावं न सुचून, आतून एक टॉवेल आणून तिनं बाईंच्या हातात दिला, नवा, धागे निघालेला, आणि बाई तो घेऊन घरी आल्या.

सिद्धेश्वरराव, त्यांचे यजमान, बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. महापालिकेतून निवृत्त झाल्यापासून ते त्या खुर्चीत असत. बाई समोर जमिनीवर बसल्या. "अहो, मला ऐकू येत नाही." त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. मग असं काही म्हणाले की बाईंनी ते त्यांना दोनदा म्हणायला लावलं. "मला वाटलं, तुझं मौन आहे." "माझं?" "हो. तुझे इतके नेम. सोमवारचं वेगळं, एकादशीचं वेगळं, मध्येच गोड सोडलंस. मी हाक मारली की ओ देत नव्हतीस. म्हटलं, शाळेतून आल्यावर बोलायचं नाही असं काहीतरी घेतलं असशील. व्रत विचारू नये म्हणतात. म्हणून मीही बोलणं सोडलं." ते मोठ्यानं बोलत होते आणि त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. एवढ्या म्हाताऱ्या शिरा बाईंनी पूर्वी बघितल्या नव्हत्या. "अनिमेषलाही मीच सांगितलं, आईला फोन करू नको, लिहून पाठव, आईचं मौन असतं." मुलगा हैदराबादला. त्याचे फोन यायचे थांबले तेव्हा बाईंनी मानलं होतं की कामात असेल. आणि मग त्याच्या लिहिलेल्या चार ओळी त्या पुन्हा पुन्हा वाचायच्या. म्हणजे सगळे जण ह्या घरात त्यांच्या व्रताला जपत होते. चालताना पाय न वाजवता, भांडं न आपटता. आणि त्या देवाला म्हणत होत्या, किती शांत केलंस रे माझं घर. सिद्धेश्वरराव पुन्हा काही म्हणाले. खाली बघून म्हणाले, म्हणून ते कळलं नाही. बाईंनी विचारलंही नाही. समोर देवघर होतं, दिवा होता. त्यांना वाटत होतं की आता आत जाऊन काहीतरी मागावं. पण इतके दिवस जिथं देव आहे असं वाटत होतं तिथं नुसतंच काहीतरी बंद पडलं होतं, कुणीच काही दिलं नव्हतं, हे एकदा दिसल्यावर मागायचं कुणाकडं? सवयीनं वात पुढं सारली. माळ हातात घेतली नाही. आणि तिथंच, देवाकडं पाठ करून, त्यांना कळलं की स्वतःचं काय व्हायचं ते होवो, कान गेले तर गेले, नोकरीही जाईल. पण त्या पोरीचं शून्य उद्या दुपारपर्यंत आपल्याच हातात आहे.

सकाळी त्या मुख्याध्यापकांसमोर उभ्या होत्या. ईश्वरप्पा सरांच्या मिशा ओठांवर आलेल्या, त्यामुळं त्यांचं तोंड वाचायला काहीच नव्हतं. मानसिंग सर शेजारी बसून प्रत्येक वाक्य मोठ्यानं पुन्हा सांगत होते, जसं काही ते दुभाषी. बाईंनी सगळं सांगितलं होतं, काही न लपवता. मुख्याध्यापक म्हणत होते, आजाराचं आपण बघू, रजा टाका, डॉक्टरला दाखवा. आणि शून्याचं काय, शून्याचे नऊ करा, विषय संपला.

"न ऐकता कसे करू, सर?"

"आता ऐकून तरी कसे करणार, बाई?" हे मानसिंग सरांचं स्वतःचं होतं. म्हणून झाल्यावर त्यांनाच ते वाईट वाटलं. "तसं नाही हो. मी काय म्हणतो, पुन्हा घ्या. मी बसतो बाजूला. तुम्ही विचारा, मी ऐकतो. मला बघितलं की पोरी आधीच घाबरतात, म्हणून विचारायचं तुम्हीच." ईश्वरप्पा सर मिशांखालून काहीतरी म्हणाले. "सर म्हणताहेत, उरकून घ्या, दुपारी पाठवायचंय."

उत्कर्षा रेश्माला वाचनालयाच्या दारापर्यंत घेऊन आली आणि आत डोकावून म्हणाली, "बाई, हिनं शून्याचं घरी सांगितलं, तर आत्यानं काल हिला लई हाणलं. म्हणली, बाईंची तक्रार करतीस? ज्यांनी शिकवलं त्यांची?" मानसिंग सरांनी तिला हात करून हाकललं. रेश्मा कपाटाला पाठ लावून उभी राहिली. तेल लावून घट्ट वेणी घातलेली. डाव्या गालावर काही होतं की नाही ते उजेडात नीट दिसत नव्हतं. मानसिंग सर खुर्ची ओढून तिच्यापासून हातभर अंतरावर बसले आणि त्यांनी कान पुढं केला. शकुंतलाबाईंनी उतारा हातात घेतला. त्यांना तिला सांगायचं होतं की चूक माझी आहे, तू बरोबर होतीस, घाबरू नको, आत्याला मी भेटते. ते त्यांनी सांगितलंही. मग उतारा वाचला. शब्द त्यांच्या डोळ्यांतून निघून घशात येत होते आणि घशातून पुढं कुठं जात होते ते त्यांना कळत नव्हतं, पण त्यांनी जीव ओतून वाचला, जशी आई आजारी मुलाला गोष्ट सांगते तसा. "व्हॉट डिड द वुमन फर्गेट?" रेश्माचे ओठ मिटलेले होते. बाई थांबल्या. मग मानसिंग सरांकडं बघितलं. "काय म्हणाली?" सरांनी मान हलवली. काही नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, आणखी मायेनं, थोडं पुढं वाकून. रेश्मा कपाटाच्या कडेला सरकली. आणखी पुढं वाकून विचारलं. तेव्हा सरांनी टेबलावर थाप मारली असावी, कारण टेबल हललं. ते बाईंच्या कानाशी आले. "बाई, ओरडू नका. पोरगी थरथरतीय."

"मी ओरडते?"

"दोन वर्षं झाली तुम्ही ओरडता, बाई. आम्हाला वाटायचं, वर्ग ऐकत नसेल."

खिडकीत शेजारच्या वर्गातल्या मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या, एकीच्या खांद्यावर दुसरीची हनुवटी. बाईंनी घशावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला, आणखी खाली, घशातली थरथर बोटांना जेमतेम लागेल इतका खाली, आणि त्या आवाजात विचारलं. मानसिंग सर म्हणाले, "आता काय विचारलंत? मलाच ऐकू आलं नाही." मग त्यांनी कागद बाईंच्या हातातून घेतला आणि स्वतः विचारलं. त्यांना विचारताना बाई बघत होत्या, आणि रेश्माकडंही बघत होत्या, तिच्या तोंडाच्या कोपऱ्याकडं, कुठं काही हलतंय का. काही हललं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते तेवढं हलत होतं. सरांनी दुसरा प्रश्न विचारला. तिसरा विचारला. "गप्प आहे, बाई." "नक्की?" "नक्की गप्प आहे. मी इथंच बसलोय की." ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली, आणि घड्याळ दाखवून म्हणाले, "आता ऐका माझं. लिहा नऊ. कुणाचं काय जातंय."

गुणांचा कागद टेबलावर होता. शकुंतलाबाईंनी पेन घेतलं. त्यांनी शून्यावर आडवी रेघ मारली, शेजारी नऊ लिहिले, खाली सही केली, आणि नेहमीच्या रीतीनं कागद फिरवून रेश्मासमोर धरला. एवढं एक त्यांच्याकडं देण्यासारखं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न ऐकलेलं लिहिलं होतं आणि ते तिच्यासाठी लिहिलं होतं, आणि पुण्याची वाट मोकळी झाली होती. रेश्मानं ओढणीनं डोळे पुसले. कागदाकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिचे ओठ हलले. आता हलले, ह्या वेळी स्पष्ट हलले, बाईंकडं बघून हलले, पण बाईंचे डोळे भरून आलेले असल्यामुळं त्यांना ते वाचता आले नाहीत.

"काय म्हणाली?"

मानसिंग सरांनी कागदावरच्या नऊकडं बघितलं.

"सर, काय म्हणाली ती?"

"विचारतीय," सर म्हणाले, "बाई, हे खरे आहेत का?"

रेश्मा वाट बघत उभी होती. खिडकीतल्या मुलीही. शकुंतलाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि किती मोठ्यानं बोलायचं ते त्यांना कळेना.